थराखालचा मजकूर

१९१९ साली जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात कुर्ट श्विटर्स या चित्रकाराने एका बँकेच्या छापील जाहिरातीला कात्री लावली. ‘कॉमेर्झ उंड प्रिव्हाटबांक’ या भारदस्त नावातला ‘मेर्झ’ एवढाच तुकडा त्याने ठेवला आणि कागदाचे कपटे व मोडक्यातोडक्या वस्तू जोडून केलेल्या एका चित्रात तो डकवला. या तुकड्याला जर्मन भाषेत स्वतंत्र अर्थ नाही. श्विटर्सला मात्र तो असा काही चिकटला, की पुढे त्याने आपली चित्रं, आपल्या कविता, १९२३ पासून काढलेलं नियतकालिक आणि घरातल्या खोल्या व्यापत गेलेली एक अजस्र रचना, या सगळ्यांना तेच नाव लावलं. ते मूळ चित्र आता पाहायला मिळत नाही. नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला ‘अवनत कला’ म्हणून जे टिंगलीचं प्रदर्शन भरवलं, त्यात ते टांगलं होतं. त्यानंतर ते कुठे गेलं याचा माग लागलेला नाही. पण छायाचित्रातही ती चार रोमन अक्षरं वाचली की दोन गोष्टी एकदम घडतात. बँक आठवते, आणि ती फाडली गेली आहे हेही दिसतं. युद्ध हरलेल्या, पैशाची किंमत घसरत चाललेल्या देशात बँकेच्या नावाची अशी चिरफाड करण्यातला डंख कुणाला वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

शब्द वाचायचे आणि त्याच वेळी पाहायचेही, अशा या प्रकाराला दृश्यकविता म्हणतात. तिची जी शाखा हाताने, कात्री-डिंकाने केली जाते, तिचं भांडवल दोन गोष्टींचं असतं. पहिली म्हणजे सापडलेला मजकूर. कवीने न लिहिलेला, दुसऱ्याच कुठल्या कामासाठी छापलेला किंवा खरडलेला: औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, पंचांगाचं पान, वाण्याच्या पुडीचा कागद, सात-बाराची झेरॉक्स, बसचं तिकीट. दुसरी गोष्ट थरांची. कागदावर कागद, त्यावर पतंगाचा पातळ कागद, मध्येच रंगाचा हात, पात्याने खरवडलेली जागा, कुठे सुईदोऱ्याचा टाका. हल्ली कार्यशाळांतून आणि हौशी मंडळींच्या वह्यांतून असं काम भरपूर दिसतं. त्यातलं बरंचसं देखणं असतं आणि त्यातलं बरंचसं काहीच बोलत नाही. पिवळट पानावर चहाचे डाग, कोपऱ्यात जुनं तिकीट, मधोमध इंग्रजी शब्दकोशातली एक ओळ. पाहिलं की छान वाटतं आणि पान उलटलं की विसरायला होतं. असं का होतं, आणि श्विटर्सच्या हातभर लांबीच्याही नसलेल्या कागदांत तसं का होत नाही, हा प्रश्न मला रुचीपेक्षा रचनेचा वाटतो.

माझं म्हणणं असं आहे. अशा कवितेत थर हे सजावटीचं काम करत नाहीत, व्याकरणाचं करतात. साध्या वाक्यात प्रत्यय आणि क्रियापद आपल्याला सांगतात की कोण बोलतंय, कधी बोलतंय, होकार आहे की नकार. उचललेल्या मजकुरात ही सोय कवीच्या हातात नसते; शब्द दुसऱ्याचे, प्रत्ययही दुसऱ्याचे. मग काळ, कर्ता आणि नकार दाखवायला त्याच्याकडे उरतं काय? वर काय आणि खाली काय, झाकलं किती आणि फाडलं कुठे, एवढंच. म्हणून थर नीट योजलेला असेल तर मजकुराचं आधीचं आयुष्य आणि त्याला नव्याने मिळालेलं आयुष्य ही दोन्ही एका पानावर वाचता येतात. तो नुसता पोत म्हणून फासलेला असेल तर आधीचं आयुष्य पुसलं जातं आणि उरतो तो रंगीत कागद. याची एक सोपी कसोटी करून पाहता येते. त्या पानावरचे शब्द कोऱ्या कागदावर स्वच्छ टाइप करायचे. टाइप केल्यावर काहीच हरवलं नाही, तर ती साधी कविता होती आणि बाकीचा खटाटोप फुकट होता. सगळंच हरवलं, तर ते चित्र होतं. थोडं उरलं, थोडं गेलं, आणि जे गेलं त्याची चुटपुट लागली, तर ती दृश्यकविता.

काळ दाखवण्याचं काम थर किती सहज करतात, ते शहरातल्या पोस्टर लावलेल्या भिंतीवर कुणालाही दिसेल. सगळ्यात खालचं पोस्टर सगळ्यात जुनं. पॅरिसमध्ये रेमों हॅन्स आणि जाक व्हिएग्ले या दोघांनी १९४९ मध्ये अशाच भिंतीवरून लोकांनी फाडलेली, एकावर एक चढलेली पोस्टरं सोलून काढली आणि सुमारे अडीच मीटर लांबीचा एक पट्टा तयार केला. ‘आख् आल्मा मानेत्रो’ हे त्याचं नाव फाटक्या अक्षरांतून जे काही वाचता आलं त्यावरूनच पडलं. आज ते काम पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. त्यात दोघांनी अक्षर लिहिलं नाही, चिकटवलंही नाही. पण एका पोस्टरमधलं अर्धं अक्षर आणि त्याच्या फटीतून डोकावणारं मागच्या महिन्यातलं अर्धं अक्षर जेव्हा एका ओळीत येतात, तेव्हा वाचणाऱ्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ वेगळं सांगावं लागत नाही.

याच्या पस्तीसेक वर्षं आधी हा प्रश्न पिकासो आणि ब्राक यांनी उभा करून ठेवला होता. १९१२ मध्ये त्यांनी चित्रात छापील कागद चिकटवायला सुरुवात केली. पिकासोच्या त्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या एका चित्रात गिटार आहे, पेला आहे, गाण्याच्या नोटेशनचा कागद आहे आणि वर्तमानपत्राच्या मथळ्याचा तुकडा आहे. मथळा म्हणतो की लढाईला तोंड फुटलं आहे. ही बातमी बाल्कन युद्धाची. कलेच्या अभ्यासकांत आजही वाद आहे, की तो मजकूर पिकासोने वाचण्यासाठी ठेवला की निव्वळ करडा पोत म्हणून. एका बाजूचे म्हणतात, युद्धाच्या बातम्या इतक्या वेळा योगायोगाने येत नाहीत. दुसरे म्हणतात, कागद कशाचा आहे यापेक्षा तो चित्रात कुठे बसतो याला महत्त्व. मला वाटतं, हा वाद मिटत नाही हेच त्या तुकड्याचं यश आहे. मथळा वाचायचा ठरवला तर तो गिटारशेजारचा आकार होऊन बसतो. आकार म्हणून पाहू लागलं की लढाई ऐकू येते.

श्विटर्स हे तंत्र रोजच्या कचऱ्यापर्यंत घेऊन गेला. ट्रामची तिकिटं, चीजची वेष्टनं, कोट ठेवायला दिल्यावर मिळणारे क्रमांकाचे कपटे, पाकिटांवरचे शिक्के. त्याला काम करताना पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे, की तो पिठाची खळ करून कागदावर पसरायचा आणि ती ओली असेपर्यंत तुकडे बोटांनी इकडेतिकडे सरकवत राहायचा. ही बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. खळ लगेच सुकत नाही. तुकडा बसला, पटला नाही, उचलला, दुसरीकडे नेला. जाताना त्याने खालच्या छपाईची थोडी शाई पुसली, आपल्या कडेचं एक साल तिथे सोडलं. म्हणजे निर्णय बदलल्याच्या खुणाही पानावर राहतात. शिवाय श्विटर्स तिकिटावरचं भाडं, क्रमांक, स्टेशनचं नाव सहसा वाचता येईल इतपत उघडं ठेवतो. कुणीतरी, कुठूनतरी, इतके पैसे मोजून गेलं होतं, हे आपल्याला कळतं. हाच माणूस पुढे जाहिरातसंस्था चालवत होता, पेलिकन शाईच्या जाहिराती करत होता, हॅनोव्हर महापालिकेसाठी छपाईची कामं करत होता. स्वच्छ, मोजूनमापून अक्षरजुळणी कशी असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा त्याच्या चिकटवलेल्या कागदांतला फाटकेपणा हा न जमल्याचा फाटकेपणा नव्हता.

आता पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे: शब्द उसने, कागद उसना, मग कवीचं काय? शाळेत चिकटकामाच्या तासाला मुलं हेच करतात. याला उत्तर म्हणून टॉम फिलिप्स या इंग्रज चित्रकाराचं एक काम पुरे आहे. १९६६ मध्ये लंडनच्या पेकम राय भागातल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्याने तीन पेन्सला एक कादंबरी विकत घेतली. डब्ल्यू. एच. मॅलॉक या लेखकाची, १८९२ सालची, ‘अ ह्यूमन डॉक्युमेंट’ नावाची आणि एव्हाना सगळे विसरलेली. फिलिप्सने तिचं प्रत्येक पान रंगवायला घेतलं. पानावरचे मोजके शब्द मोकळे ठेवायचे आणि बाकीचा मजकूर चित्राखाली घालायचा. राखलेले शब्द एकमेकांना जोडायला त्याने छापील ओळींतल्या शब्दांमधल्या पांढऱ्या फटींचा माग काढला. त्या फटी एकाखाली एक आल्या की पानातून जणू नदी वाहते, आणि त्या पात्रातून वाचक एका शब्दावरून पुढच्या शब्दावर जातो. नवं नावही मूळ पुस्तकातूनच निघालं. पानाच्या माथ्यावरचं शीर्षक मधोमध दुमडलं आणि ‘अ ह्यूम्युमेंट’ तयार झालं. पहिली सबंध आवृत्ती बाजारात आली १९८० साली, सहावी आणि शेवटची २०१६ साली. मधल्या काळात त्याने जुनी पानं बाद करून त्याच छापील पानांवर नवी रचली, आणि शेवटपर्यंत सगळीच्या सगळी ३६७ पानं बदलून झाली होती. २०२२ मध्ये फिलिप्स वारला.

या पुस्तकात बिल टोज नावाचा एक नायक आहे. तो मॅलॉकच्या कादंबरीत नाही. इंग्रजीत ‘एकत्र’ आणि ‘एकंदरीत’ या अर्थांचे जे दोन शब्द आहेत, त्यांच्या पोटात ‘टोज’ ही अक्षरं सलग सापडतात, आणि ती दुसरीकडे जवळजवळ कुठेच सापडत नाहीत. फिलिप्सने नियम करून टाकला: मूळ पानावर हे शब्द जिथे येतील तिथे टोजला यावंच लागेल, आणि जिथे येणार नाहीत तिथे त्याला यायची परवानगी नाही. म्हणजे एका उमरावी कादंबरीच्या छपाईत अडकलेला हा साधा माणूस ‘एकत्र’ या शब्दाच्या कृपेने जन्मतो आणि मॅलॉकच्या नायिकेवर, इर्मावर, झुरत एकटाच पानं ओलांडत राहतो. टोजचा एकटेपणा फिलिप्सने शब्दांत लिहिला असता तर तो चारचौघांसारखा झाला असता. इथे रंगाखालून मूळ छपाईच्या ओळी कुठे पुसट, कुठे आडव्या रेघांमागून दिसत राहतात आणि टोज कुठल्या घरात परका आहे ते कळत राहतं. रंग पूर्ण अपारदर्शक केला असता तर टोजभोवतीचं ते घरच नाहीसं झालं असतं. तेव्हा ‘कवीचं काय?’ याचं उत्तर: निवड, स्वतःवर लादून घेतलेला नियम, आणि किती झाकायचं याचं माप. यातलं तिसरं नसेल तर पहिली दोन शब्दकोड्याच्या पलीकडे जात नाहीत. त्रिस्तान झारा या दादावादी कवीने १९२० मध्ये वर्तमानपत्रातले शब्द कापून पिशवीत हलवायचे आणि निघतील तसे लिहून काढायचे, अशी कविता करण्याची कृती दिली होती. ती प्रसिद्ध आहे, गमतीचीही आहे. पण शेवटी सगळं स्वच्छ उतरवून घेतल्यामुळे वर्तमानपत्र पिशवीतच राहतं. मला ती कृती कवितेची कमी आणि कवींची फिरकी घेण्याची जास्त वाटते.

किती झाकायचं हे ठरतं ते हातात कागद असताना, आणि कागद म्हणजे काही निमूट पाटी नव्हे. यंत्रावर तयार झालेल्या कागदातले तंतू बहुतांशी एका दिशेने निजलेले असतात. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने फाडलं तर कागद बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवं फाडलं तर वेडावाकडा. हातकागदाला अशी ठळक दिशा नसते, म्हणून तो सगळीकडून सारखाच लोकरी फाटतो. छापील जाड कागद फाडताना कागदाचं पोट उघडं पडतं. एका तुकड्याला पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही. कुठल्या तुकड्याला ती कड द्यायची हे ओढण्याच्या दिशेवर ठरतं आणि सरावाने हाताला कळतं. ही पांढरी कड पानावर फार बोलते. मथळ्यातला एक शब्द कात्रीने कापून चिकटवला तर तो निवडलेला वाटतो; पांढऱ्या कडेसकट चिकटवला तर ओढून काढलेला वाटतो. पतंगाचा कागद खळीने ओला झाला की त्याचा रंग सुटतो आणि खालच्या कागदावर उतरतो, तेव्हा झाकणारा आणि झाकलेला यांची हद्दच पुसट होते. हे सगळं जाणून केलं तर त्याला अर्थ येतो. चहाचे डाग मात्र, कितीही कौशल्याने पाडले, तरी ‘हे जुनं आहे’ एवढंच सांगतात, आणि तेही खोटं.

देवनागरीत तर या झाकण्या-फाडण्याला जी सोय आहे ती रोमन लिपीत नाही, आणि आपल्याकडच्या कामांत ती फारशी वापरली जात नाही याचं नवल वाटतं. रोमन छपाईत अक्षरं सुटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेने बांधलेली. दोन वेगळ्या कागदांवरचे, साधारण एकाच मापाचे तुकडे असे लावले की त्यांची शिरोरेषा तंतोतंत जुळेल, तर डोळा त्यांना एकच शब्द समजून वाचून टाकतो, मग एक कागद सरकारी नोटिशीचा आणि दुसरा लग्नपत्रिकेचा का असेना. रेघ केसभर चुकली की तोच शब्द मोडलेला दिसतो. मात्रांचं तर आणखी वेगळं. त्यातल्या बऱ्याच शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या पायाशी असतात, त्यामुळे कागदाची अरुंद पट्टी फाडली तरी त्या निघून जातात. ‘पैसा’ या शब्दाचं डोकं उडवलं की ‘पसा’ राहतो. ‘मोल’चा ‘माल’ होतो, ‘देव’चं ‘दव’ होतं. पायाकडून फाडलं तर ‘कुळ’ची ‘कळ’. आता हेच डोकं फाडून न टाकता त्यावर बटर पेपरची पट्टी चिकटवली, मात्रा पुसट दिसेल एवढीच, तर वाचणारा ‘पसा’ आणि ‘पैसा’ या दोहोंमध्ये लटकत राहतो. समजा, सावकारी खतावणीच्या पानावर हे केलं, जिथे ‘पैसा’ हा शब्द दर चौथ्या ओळीला येतो, आणि वरून खालपर्यंत पट्टी हळूहळू दाट करत नेली. वरच्या ओळींत पैसा, मधे दोन्ही, तळाशी नुसता पसा. नवीन एक अक्षर न लिहिता देण्याघेण्याचा अख्खा प्रवास उलटा फिरला. हे टाइप करून पाहा. ‘पैसा, पैसा, पसा’ एवढंच उरतं आणि बाकीचं सगळं जातं.

दुसरा आक्षेप चित्रकलेच्या बाजूने येतो: मग याला कविता तरी कशाला म्हणायचं, गॅलरीत टांगा आणि मोकळे व्हा. या आक्षेपाला यिर्झी कोलार्शची गोष्ट जवळून लागू पडते. हा चेक कवी. १९५३ मध्ये एका हस्तलिखितापायी कम्युनिस्ट राजवटीने त्याला काही महिने तुरुंगात टाकलं. पुढे तो हळूहळू लिहिण्याकडून कात्रीकडे वळला. छापील पानं, नोटेशन, नकाशे, वेगवेगळ्या लिप्यांतला मजकूर यांचे बारीक तुकडे करून ते वाटेल त्या दिशेला वळवून शेजारीशेजारी चिकटवण्याची त्याची एक पद्धत होती. ओला कागद चुरगाळून चिकटवण्याची दुसरी, चित्रांच्या पट्ट्या एकमेकींत मिसळण्याची तिसरी. अशा पद्धतींचा त्याने चक्क कोशच केला. यातल्या पहिल्या पद्धतीच्या कामात भाषा आहे हे दिसतं, पण सलग काही वाचता येत नाही. ज्या राजवटीने वाचता येणाऱ्या कागदासाठी आत टाकलं तिच्यात राहून असं करण्यामागची कडवट समज माझ्या ध्यानात येते. तरीही वर सांगितलेल्या कसोटीवर मी ते चित्रच म्हणेन, कोलार्शने स्वतः त्याला कवितेचाच पुढचा टप्पा मानलं असलं तरी. कवितेला वाचण्याचा क्रम लागतो, मग तो वाकडा असेना, दोन-तीन वाटांनी जाणारा असेना. फिलिप्सच्या पानावर पहिला शब्द आणि शेवटचा शब्द आहे. श्विटर्सच्या तिकिटावर निदान स्टेशनचं नाव आहे. जिथे क्रम पूर्ण विरघळला तिथे कविता चित्राच्या स्वाधीन झाली. यात कमीपणा काही नाही, पण दोन्ही नावं एकाच वस्तूला लावण्याचा हट्ट कशाला?

तिसरा आक्षेप आजचा. संगणकावर थर चढवता येतात, जुन्या कागदाचा पोत आयता मिळतो, फाटकी कडसुद्धा एका टिचकीसरशी येते. मग हात खराब कशाला करायचे? याचं नेहमीचं उत्तर स्पर्शाचा महिमा सांगतं, आणि ते मला पटत नाही. ‘अ ह्यूम्युमेंट’ बहुतेकांनी छापील पुस्तक म्हणूनच वाचलं आहे, मूळ पानं हाताळून नव्हे, आणि तरी ते पोचतं. म्हणजे स्पर्श नसला तरी चालतं. फरक पडतो तो दुसऱ्या कारणाने. संगणकातले थर केव्हाही वरखाली करता येतात. सगळ्यात खालचा उचलून वर आणला तरी त्याला ओरखडा पडत नाही. कागदाच्या थरात करण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एकच असतो, आणि परत फिरायचं तर किंमत मोजावी लागते, ती किंमत पानावर दिसते. वाचणारा त्या खुणांवरून कर्त्याचा निर्णय वाचतो. छपाईत स्पर्श जातो, पण ही खूण टिकते. आयत्या पोतात ती मुळातच नसते, कारण तो पोत दुसऱ्याच कुठल्या कागदाचा असतो. अर्थात श्विटर्सच्या लहानशा कामांचं पुस्तकात मोठं करून छापलेलं रूप पाहिलं की नुकसान होतंच; तिकीट तिकिटाएवढं दिसलं नाही तर ते खिशातून आलं होतं हे विसरायला होतं.

हे सगळं परदेशी आहे, असाही एक सूर निघतो. आपल्याकडे चित्रकाव्य होतं हे खरं. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’चा पंधरावा सर्ग आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’चा एकोणिसावा सर्ग चक्रबंध, गोमूत्रिकाबंध, सर्वतोभद्र अशा करामतींनी भरलेले आहेत. पण तिथे शब्द नवे घडवून आकृतीत बसवायचे असतात, खाली दुसऱ्याचं काही नसतं. उलट जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत, तो झाकण्यासाठीच, खालचं कुणी वाचू नये म्हणून. त्यामुळे परंपरेचा दाखला ओढूनताणून द्यायची गरज नाही. जवळची उदाहरणं विसाव्या शतकातली आहेत. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी काढलेलं ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल केलेलं होतं, आणि स्टेन्सिलची डागाळणारी शाई त्या पिढीच्या छपाईचा भागच होती. र. कृ. जोशी यांनी अक्षराच्या आकारातूनच कविता घडवण्याचे प्रयोग मराठीत केले. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टाइपही त्यांचाच. मुंबईत जन्मलेल्या भूपेन खख्खर यांनी १९६०च्या दशकात देवादिकांच्या छापील तसबिरी कापून आपल्या चित्रांत चिकटवल्या. यातल्या कुणीही नेमकं आज आपण बोलतोय तेच केलं, असा दावा करता येणार नाही. पण कात्री, अक्षर आणि रद्दी ही तिन्ही इथल्या हातांना अनोळखी नव्हती.

रद्दीवरून एक अवघड मुद्दा येतो, ज्याबद्दल कार्यशाळांत फार कमी बोललं जातं. सापडलेला मजकूर कुणाचा तरी असतो. ट्रामचं तिकीट कुणाचंच नसल्यासारखं असतं. रद्दीच्या गठ्ठ्यात मिळालेलं एखाद्या बाईचं माहेरी लिहिलेलं पत्र तसं नसतं, आणि कुणाच्या आजारपणाचा रिपोर्ट तर मुळीच नसतो. आधीचं आयुष्य दिसलं पाहिजे असं म्हणणाऱ्याने ते आयुष्य कुणाचं, हेही विचारायला हवं. नाव, पत्ता, सही यांच्यावरून थर चढवणं हे इथे सभ्यतेचं काम होतं, आणि ते केल्याने कविता सहसा बिघडत नाही. कित्येकदा झाकलेली सही उघड्या सहीपेक्षा जास्त लक्ष वेधते.

टिकण्याचा प्रश्नही तसाच टाळला जातो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. काहींना हे पिवळं पडणंही कवितेचाच भाग वाटतं. कर्त्याने आधीच ठरवून तसा कागद घेतला असेल तर ठीक. नंतर सुचलेली सबब असेल तर नाही. पिठाची खळ पाण्याने सोडवता येते, म्हणून पुढे दुरुस्ती करणाऱ्याला ती सोयीची, पण कसर तिच्यावर ताव मारते. बाइंडर लोक त्यासाठी खळीत मोरचूद घालत आले आहेत. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद किडीला दाद देत नाही, मात्र सुकल्यावर सहज सोडवता येत नाही. वर्तमानपत्राची आम्लरहित कागदावर झेरॉक्स काढून ती चिकटवावी असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो जपून घ्यावा. झेरॉक्स टिकते, पण मूळ कागदाच्या पाठीवरची छपाई, घडीची रेघ, पंचिंगचं भोक यातलं काहीच तिच्यात येत नाही, आणि आधीच्या आयुष्याची साक्ष बहुधा तिथेच असते. मूळ तुकडा वापरायचा, तो लवकर झिजेल हे मान्य करायचं, आणि पानाच्या मागे पेन्सिलीने तो कुठल्या कागदातला, कुठल्या तारखेचा, कशाने चिकटवला एवढं लिहून ठेवायचं, हा त्यातला त्यात बरा मार्ग. दिवाळी अंकात अशी कामं छापणाऱ्या संपादकांनी ती मागची ओळही चित्राखाली द्यावी, आणि तिकीट तिकिटाएवढंच छापावं.